वास न येणारा मासा

दर शुक्रवारी दुपारी मी चोरून मासे खात असे. चाळिशी उलटलेली बाई, कंपनीत हाताखाली नऊ माणसं, आणि वडिलांना कळू नये म्हणून मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर खांबाआड बसून मासे खाते, असं कोणी सांगितलं असतं तर मीच आधी हसले असते. पण खात होते. आणि तेही कच्चे.

कच्चे का, ते सांगून टाकते, कारण हे ऐकलं की लोक एक तर तोंड वाकडं करतात, नाहीतर मला जपानी जेवणाची मोठी जाणकार समजतात. डोंबलाची जाणकार! कच्च्या माशाला वास येत नाही, एवढंच कारण. तळलेला बांगडा खाऊन घरी जा, तो ओढणीत येतो, केसांत येतो, बोटांना तर दुसऱ्या दिवशीपर्यंत असतो. आणि माझे वडील रत्नागिरीकडचे. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत जिना चढता चढता ते सांगत, पहिल्या मजल्यावर सुकट भाजतायत, दुसऱ्यावर नुसतेच पापड. त्या नाकाला मी फसवणार कशी?

एकदा प्रयत्न केला होता. स्वारगेटजवळच्या एका मालवणी खानावळीत बांगडा खाल्ला, तिथेच तीनदा हात धुतले, मूठभर बडीशेप चावली आणि घरी आले. बाबांनी दार उघडलं, हातात पेपर, आणि दारातच म्हणाले, "बांगडा?"

"शेजारच्या टेबलावर कोणीतरी खात होतं," मी म्हटलं.

"असं," म्हणाले आणि पेपर घेऊन खुर्चीत जाऊन बसले. जेवताना एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, आपण त्यांना दुखावलं. मी तापट आहे, ऑफिसात माझ्याशी बोलायला लोक दहादा विचार करतात, पण बाबांचं ते गप्प बसणं मला सोसवत नाही. त्या दिवशी मी कानाला खडा लावला.

मग ऑफिसशेजारच्या, नगर रस्त्यावरच्या मॉलमध्ये तो जपानी ठेला आला. एका बाजूला डोसेवाला, दुसऱ्या बाजूला शोर्मावाला, आणि मधे काचेमागे माशाच्या तुकड्यांचे डबे मांडून एक पन्नाशीचे नेपाळी आचारी उभे. मोठ्या वाडग्यात चिकट भात, त्यावर कच्च्या माशाच्या कापा, काकडी, तीळ, गुलाबी आल्याचं लोणचं, समुद्री शेवाळाची पट्टी आणि वरून काळसर खारट सोयाचं पाणी. पहिल्या दिवशी टीममधली पोरं मला घेऊन गेली. "मॅम, तुम्हाला जमणार नाही," असं एकजण म्हणाला म्हणून मी हट्टानं घेतलं. पहिला तुकडा अक्षरशः डोळे मिटून गिळला. दुसरा चावला. तिसऱ्याला माझ्या लक्षात आलं की हा तर मासा आहे! मसाला नाही, तिरफळ नाही, आमसूल नाही, तरी आत कुठेतरी तोच समुद्र. आणि जेवण झाल्यावर मी बोटं नाकाशी नेली तर काही नाही. काहीच वास नाही. झालं! त्यानंतर चार वर्षं माझे शुक्रवार ठरून गेले.

आता घरी मासे का नव्हते, ते. त्यासाठी आईच्या तेराव्याकडे जावं लागेल.

आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की त्याच्या नावानं एखादी खायची वस्तू सोडायची पद्धत आहे. एकदा सोडली की जन्मभर सोडली, आणि त्याबद्दल पुन्हा विचारायचं नाही, आग्रह तर करायचाच नाही. आता लोक काय सोडतात ते बघा. आत्यानं पडवळ सोडलं, जे तिनं जन्मात कधी आवडीनं खाल्लं नव्हतं. काकांनी सीताफळ सोडलं, ते डॉक्टरांनी आधीच बंद केलेलं होतं. एका मावशीनं कारलं सोडलं तेव्हा मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते, मला त्या दिवशीही हसू आलं आणि मग स्वतःचीच लाज वाटली.

मग सगळ्यांनी बाबांकडे बघितलं. ते भिंतीला टेकून बसले होते. आई माशांचं जे काही करायची त्यासाठी लोक पिंपरीहून जेवायला येत. बाबांच्या कारखान्यातले जुने सोबती तर व्हीआरएस घेऊन पांगले तरी आईच्या कालवणासाठी वर्षातून एकदा एकत्र यायचे. आत्यानं विचारलं, "दादा, तू काय सोडतोस?"

बाबा खाली बघत म्हणाले, "मासे तर गेलेच."

आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "दादानं मासे सोडले," ती आतल्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. सगळे कारली-पडवळवाले मान खाली घालून बसले. मला कोणी विचारलं नाही की तू काय सोडतेस, कारण मी चहा देत होते. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला बाबांचा फार अभिमान वाटला. म्हटलं, प्रेम करावं तर असं.

त्यानंतर अकरा वर्षं आमच्या घरात मासा आला नाही. मी लग्न केलेलं नाही, घरात आम्ही दोघंच. मुगाची आमटी, बटाट्याची भाजी, कधी उसळ. मला तशीही मासे करण्याची अक्कल नव्हती. आई असताना मी परीक्षा, कॅम्पस इंटरव्ह्यू, प्रोजेक्ट यांतच होते, स्वयंपाकघरात फक्त जेवायला यायचे. बाबा जे वाढेन ते खायचे. अर्धं खायचे. तक्रार करणं त्यांच्या स्वभावात नाही, आणि माझ्या स्वभावात विचारणं नाही. अभिमान वगैरे दोन-तीन वर्षं टिकला. मग मला त्यांचा राग यायला लागला. ताटातली भाकरी चिवडत बसलेला माणूस बघून डोकं फिरायचं. वाटायचं, सोडायचं तर शेपू सोडायचा होता, दुधी सोडायचा होता, जगानं जे केलं ते करायचं होतं! पण सोडलं म्हणजे सोडलं. त्यावर बोलायचं नसतं.

मग त्यांच्या हर्नियाचं निघालं. शर्ट वर केल्यावर डॉक्टर आधी हर्नियाकडे न बघता त्यांच्या बरगड्यांकडेच बघत राहिले. रक्त तपासलं. मला वेगळं बोलावून म्हणाले, "ऑपरेशन करायला हवं, पण असं नाही करता येणार. अंगात प्रथिनं नाहीत, जखम भरणार नाही. सहा आठवडे देतो. अंडी, चिकन, मासे, काय खात असतील ते घाला. नाहीतर मी हात लावणार नाही, आणि तो हर्निया मधेच अडकला तर मात्र पंचाईत होईल."

अंड्याचा बाबांना वास सहन होत नाही. कोंबडी हे जेवण नसून शिक्षा आहे असं त्यांचं मत. डाळ, पनीर, डब्यातली पावडर, सगळं करून बघितलं. पावडरीचं दूध ते कुंडीत ओतत असत, हे मला तुळस मेल्यावर कळलं. सहा आठवड्यांतले चार गेले आणि वजन आणखी एक किलो उतरलं. मी हात टेकले. रडकुंडीला येऊन मी आईचं दिवसकार्य केलेल्या गुरुजींना फोन लावला. विचारलं, सोडलेली वस्तू औषध म्हणून घेतलेली चालते का?

गुरुजी म्हणाले, "वस्तू कोणी सोडली आहे?"

"वडिलांनी."

"मग त्यांनाच विचारा की."

मी फोन ठेवला आणि बराच वेळ त्या गुरुजींच्या नावानं बोटं मोडली. पुण्यात सरळ प्रश्नाला सरळ उत्तर मिळत नाही, असं स्वतःशीच बडबडले.

पाचव्या आठवड्यात शनिवारी पुन्हा तपासणी होती. डॉक्टर माझ्या ऑफिसच्या बाजूलाच बसतात. वजन पाहून त्यांनी नुसती मान हलवली. बाहेर आलो तर दुपारचा एक वाजलेला, ऊन रणरणत होतं, बाबा रिक्षाच्या दांड्याला धरून उभे. म्हटलं, समोर मॉल आहे, गारव्यात बसू, डोसा तरी खातील. दुसरा काही विचार मनात नव्हता. सरकत्या जिन्यावर त्यांनी माझा दंड धरला होता आणि त्या हातात काही वजनच नव्हतं. मला आतून भीती वाटली. आई गेली तेव्हा वाटली नव्हती अशी.

डोसेवाल्यासमोर रांग होती. आम्ही तिच्या शेवटाला उभे राहिलो, म्हणजे नेमके जपानी ठेल्यासमोर. मी मान फिरवून उभी होते, पण ते आचारी कसले सोडतात! एवढं मोठं हसून म्हणाले, "मॅडम, आज शनिवार को? वही वाला बनाऊं ना, एक्स्ट्रा मछली?"

मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग काचेकडे. मग पाठीमागे हात बांधून काचेपाशी गेले, अगदी मासळी बाजारात उभे राहायचे तसे, आणि वाकून डबे बघायला लागले.

"हा कुपा आहे," ते ट्यूनाच्या लालभडक कापांकडे बोट दाखवून म्हणाले. आचाऱ्यांना विचारलं, "कब काटा?"

"सुबह, बाबूजी."

"आणि हा केशरी?"

"सॅमन. त्याला इथे रावस म्हणतात," मी पुटपुटले.

"रावस असा नसतो. पुण्यात कशालाही रावस म्हणतात." मग माझ्याकडे न बघताच, "वही वाला म्हणजे कोणता?"

आता लपवून काय करणार? मी सगळं ओकून टाकलं. म्हटलं, मी खाते इथे. दर शुक्रवारी. घरी वास येऊ नये म्हणून कच्चे खाते. मला माहीत आहे तुम्हाला वाईट वाटेल, पण मला राहवत नाही, आणि तुम्ही सोडले म्हणून जगानं काय...

"मी काय सोडलं?" बाबा म्हणाले.

"मासे."

"मी कुठे सोडले?"

मागून एक मुलगी ट्रे घेऊन म्हणाली, "काका, तुम्ही लाइनमध्ये आहात का?" बाबा तिला म्हणाले, "नाही बाळ, तू हो पुढे," आणि पुन्हा माझ्याकडे वळले. "मी कधी सोडले मासे?"

"तेराव्याला! आत्यानं विचारलं तेव्हा! 'मासे तर गेलेच' म्हणालात ना सगळ्यांसमोर!"

"हो, म्हणालो. गेलेच ना? करणारी गेली. मी आपलं मनातलं बोललो. तुझी आत्या सोडले म्हणाली. आता तेराव्याला बहिणीशी वाद घालत बसू का, की बाई, मी सोडले नाहीत, मला उद्या सुरमई लागेल म्हणून?"

तोंडातून एवढंच निघालं, "मग नंतर का नाही बोललात?"

"तुझ्यामुळे."

"माझ्यामुळे?"

"त्या दिवशी सगळ्यांनी काय काय सोडलं ते सांगितलं. तू बोलली नाहीस. मग पंधरा दिवस गेले, महिना गेला, तू बाजारातून मासा काही आणेनास. मी म्हटलं, हिनं आईच्या नावानं मासे सोडलेले दिसतात, बोलून दाखवलं नाही एवढंच. विचारायचं नसतं म्हणून विचारलं नाही. आणि पोरीनं सोडलेलं असताना बापानं तिच्यासमोर ताट भरून मासे खायचे? बरं दिसतं का ते?"

मी चुका शोधण्याचा पगार घेते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममध्ये काय बिघडेल हे आधी ओळखणं, हेच माझं काम, आणि त्यात माझा हात धरणारा कंपनीत कोणी नाही. आणि माझ्या घरात, माझ्या समोरच्या खुर्चीत, अकरा वर्षं ही चूक जेवायला बसत होती. मला त्या मॉलमध्ये उभ्या उभ्या ओरडावंसं वाटत होतं. कोणावर, ते कळत नव्हतं.

आचाऱ्यांना मराठी कळत होतं की नाही कोण जाणे, पण त्यांनी न विचारता दोन वाडगे भरले आणि काचेवर ठेवले.

आम्ही खांबाआडच्या टेबलावर बसलो. बाबांनी त्या दोन काड्या बाजूला ठेवल्या, बेसिनवर जाऊन हात धुऊन आले. शेवाळाची पट्टी उचलून माझ्या वाडग्यात टाकली. भात बोटांनी चाचपला, "फार गोळा झालाय, आजारी माणसाचा भात आहे हा," म्हणाले. मग कुप्याची एक काप उचलून उजेडाकडे धरली आणि तोंडात टाकली. ते चावत होते आणि मी त्यांच्या जबड्याकडे बघत होते. शेजारच्या टेबलावर कोणाचा तरी वाढदिवस चालला होता, टाळ्या पडत होत्या.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले. "मासा चांगला आहे."

मग दुसरी काप. मग तिसरी. मग केशरी मासा भाताबरोबर कालवला, आल्याचं लोणचं तोंडी लावायला घेतलं, आणि खाली मान घालून जेवायला लागले. मधे थांबले नाहीत, चिवडलं नाही. किती दिवसांनी मी बाबांना असं जेवताना बघत होते! मी माझ्या वाडग्यातल्या माशाच्या कापा एकेक करून त्यांच्या वाडग्यात सरकवत होते आणि ते खात होते.

पुढचं सरळ आहे. डॉक्टरांनी म्हाताऱ्या माणसाला कच्चा मासा घातल्याबद्दल मला चांगलंच झापलं, पण मासे चालू ठेवा म्हणाले, शिजवून. मी इंटरनेटवर बघून बघून कालवण करायला शिकले, ते वाईट होतं, बाबांनी ते खाल्लं. ऑपरेशन दोन महिने लांबलं, पण झालं आणि जखम भरली. त्यानंतर बाबा तीन वर्षं होते आणि त्या तीन वर्षांत आठवड्यातून तीनदा आमच्या जिन्यात बांगड्याचा वास यायचा. खालच्या मजल्यावरच्यांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला तेव्हा मी त्यांना काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण त्या शनिवारचं एक राहिलं. वाडगा संपल्यावर बाबांनी टिश्यू पेपरनं एकेक बोट नीट पुसलं. मग विचारलं, "किती वर्षं येतेस इथे?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. "चार," मी म्हटलं.

"दर शुक्रवारी?"

"दर शुक्रवारी."

"एकटीच?"

मी मान डोलावली. मला वाटलं, आता ते रागावतील. मी वाटच बघत होते की त्यांनी रागवावं, आवाज चढवावा, लोकांनी वळून बघावं. बाबांनी रिकाम्या वाडग्यात चिकटलेलं एक शीत बोटानं काढलं आणि खाल्लं.

"मग मलाही आणायचंस की गं," ते म्हणाले.